साफ आली का?

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडे धरला. मी त्यांच्याकडे न बघता फिल्मकडेच बघत होते. उजव्या बाजूला वरती, जिथे काळं दिसायला हवं होतं, तिथे धुरकट पांढरं होतं. ते मला ओळखीचं होतं. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच खिडकीपाशी मी ते पाहिलं होतं.

"परत आलाय," ते म्हणाले.

मुक्ता आणि ईशान, ही गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही. टीबी झाला होता एवढं तुमच्या आईने सांगितलं असेल. मागच्या आठवड्यात मुक्ताने फोनवर तिच्या कामाबद्दल सांगितलं. एचआयव्हीच्या रोग्यांना रोज घ्यायच्या गोळ्या असतात, त्या ते खरंच घेतात का, घेतल्या तर रक्तात किती उतरतात, हे ती आणि तिच्याबरोबरचे लोक रक्तातून, अगदी केसातूनसुद्धा शोधून काढतात. पहिल्याला अ‍ॅडहिअरन्स म्हणतात, म्हणजे औषध न चुकता घेणं. दुसऱ्याला एक्स्पोजर, म्हणजे औषध प्रत्यक्ष शरीराच्या वाट्याला किती आलं ते. मुक्ता म्हणाली, "आजी, माणसं खोटं बोलतात, पण केस खोटं बोलत नाही." तिचं काम मोलाचं आहे. पण ते वाक्य मला दोन दिवस सोडेना. म्हणून लिहायला बसले.

एचआयव्हीचं नाव तेव्हा भंडाऱ्यात कोणी ऐकलं नव्हतं. घाबरायचं ते टीबीला, क्षयाला. आता त्या दुसऱ्या रोगाच्या माणसांना जसं वागवतात, तसंच तेव्हा आम्हाला वागवत. तुमची आई नंदा पाच वर्षांची होती. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. पितळेची भांडी बनवणाऱ्यांच्या गल्लीत आमचं घर होतं. सकाळी नळाला पाणी आलं की त्याच सुमारास हातोड्याचे ठोके सुरू व्हायचे.

पहिल्या खेपेला मला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि एक जोडगोळी, म्हणजे दोन औषधं एकत्र असलेली गोळी, दिली होती. त्या जोडगोळीत थायासिटाझोन नावाचं औषध होतं. स्वस्त, आणि बहुतेकांना सोसणारं. मला सोसलं नाही. अंगभर लाल चट्टे उठले, तोंड आतून सोललं, ताप चढला. गोळ्या थांबवाव्या लागल्या. मग नुसत्या इंजेक्शनांवर आणि एका गोळीवर वर्ष काढलं. खोकला गेला, वजन वाढलं, मी शाळेत रुजू झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला.

"जुनं औषध तुम्हाला देता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "एक नवं आहे."

नव्या औषधाचं नाव रिफाम्पिसिन. विटकरी रंगाची कॅप्सूल. महाग होती आणि बाजारात सहज मिळत नसे. नागपूरहून आलेले काही डॉक्टर त्या कॅप्सूलचा अभ्यास करत होते आणि आमच्या डॉक्टरांकडे मोजक्या रोग्यांपुरता साठा होता. अट एकच होती, रोज घ्यायची. ही कॅप्सूल कधी घेतली, कधी नाही, असं झालं तर जंतू तिला सरावतात. त्याला रेझिस्टन्स म्हणतात. मग ते औषध त्या माणसाला कायमचं निकामी होतं. म्हणून जो नियमित घेत नाही त्याचं औषध बंद करून दुसऱ्याला द्यायचं, असं ठरलेलं होतं.

ती घेतली की नाही हे ओळखायची एक खूण त्या औषधातच होती. ते पोटात गेलं की काही तासांनी लघवी नारिंगी, कधी चांगली लालसर होते. डॉक्टरांनी हे मला आणि तुमच्या आजोबांना इंग्रजीत सांगितलं. घाबरू नका, रक्त नाही, रंगच पुरावा आहे, असं म्हणाले. हेही सांगितलं की दवाखान्यात यायच्या दिवशी सगळेच औषध घेऊन येतात, त्यामुळे त्या दिवशीच्या तपासणीला अर्थ नाही. मधूनच, न सांगता, नर्स घरी येईल आणि बाटलीत लघवी घेऊन जाईल.

सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. निघताना डॉक्टरांनी त्यांना मात्र मराठीत समजावलं. थुंकीत जंतू आहेत तोवर लहान पोरीला जवळ ठेवू नका. थुंकी साफ आली की पोरीला आणा.

तेवढं एक वाक्य सासूबाईंनी घरी नेलं.

त्या मूळच्या एकोडी गावच्या. त्यांच्या भावाची, मामाजींची, तिथे धानाची शेती होती. नंदाला त्यांच्याकडे पाठवलं. एसटीत बसवताना ती रडली नाही. मामाजींनी बोडीत मासे दाखवायचं कबूल केलं होतं, त्याच नादात होती. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. खिडकीतून तिने मला विचारलं, "तू किती दिवसांनी बरी होशील?" मी सांगितलं, लवकर.

घरातली मागची खोली माझी झाली. ताट, वाटी, पेला वेगळा. गल्लीत सांगितलं की मला कावीळ झाली आहे. त्यामुळे मी समोरच्या छपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, दिसायचं नाही आणि खोकायचं तर अजिबात नाही, असं ठरलं. ठरवलं सासूबाईंनी, पण मीही वाद घातला नाही. माझ्या नोकरीचा प्रश्न होता.

सकाळी नळाचं पाणी भरून झालं की मी उपाशीपोटी कॅप्सूल घ्यायची. दुपारपर्यंत रंग यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, डॉक्टरांनी सांगूनसुद्धा, मी घाईघाईने पाणी ओतलं. नंतर त्या रंगाचा आधार वाटू लागला. आज औषध लागू पडलं, असं मनात म्हणायची. घरात कोणाशी मात्र त्याबद्दल बोलले नाही. सासूबाईंशी असलं काही बोलायची तेव्हा रीत नव्हती.

नर्स होती शांताबाई. सायकलवरून यायची, खांद्याला खाकी पिशवी. सासूबाई तिला छपरीतच बसवत आणि चहा देत. मी मागे परसात बाटली भरून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि न्हाणीच्या दगडावर ठेवायची. तिथून सासूबाई पदराखाली झाकून समोर नेत. गल्लीत तिला सगळे कुटुंबनियोजनवाली समजत. समोरच्या काकूंनी एकदा सासूबाईंना मोठ्याने विचारलं, "काहून वो, तुमची सून आयकत नाही का अजून? नर्स लयच चकरा मारून राहिली." सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याच घरी पाठवतो आता तिले. सातवं चालू हाय ना तुमच्या सुनेले?" त्यानंतर काकू काही दिवस बोलल्या नाहीत.

शांताबाई पहिल्यांदा येऊन गेल्यावर मी दवाखान्यात गेले. त्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही सगळे टीबीचे. प्रत्येकजण जरा अंतर ठेवून बसलेला, जणू दुसऱ्यालाच तो रोग आहे. माझा नंबर आला. डॉक्टर आज वर बघत नव्हते.

"औषध घेता का?"

"रोज."

"थुंकीत अजून जंतू आहेत. आणि घरून आलेली लघवी अगदी साफ होती. पाण्यासारखी."

मी म्हटलं, शक्य नाही. मी स्वतः डोळ्यांनी रंग पाहिला आहे. त्यांनी मला तिथेच बाटली दिली. ती लालसर आली. मला वाटलं, आता पटेल.

"आज घेऊन आलात," ते म्हणाले. "तेच तर मी सांगत होतो."

मुक्ता, तुला समजेल. माझ्याजवळचा एकुलता एक पुरावा माझ्याच विरुद्ध गेला होता. मी वर्गात मुलींना वह्या तपासून देताना खाडाखोड दिसली तरी ओरडणारी बाई. घरातल्या डब्यांवर मी नावं लिहून ठेवत असे. मला अनियमित म्हणणारा माणूस तोवर भेटला नव्हता. डॉक्टर वाईट नव्हते. थकलेले होते. बाहेर बाकावर अशी माणसं होती, ज्यांना ती कॅप्सूल मिळाली नव्हती.

घरी येताना तुमचे आजोबा बरोबर होते. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "एखाद्या दिवशी राहून जाते का?" त्यांनी विचारलं याचं जितकं वाईट वाटलं, तितकं डॉक्टरांचं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर कॅप्सूल घेऊ लागले. तोंड उघडून दाखवायची. ते दुसरीकडे बघत.

सासूबाई त्याच दिवशी संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. "साफ आली का?" त्यांनी विचारलं.

त्या थुंकीबद्दल विचारत असतील असं मी धरलं. नाही म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेले येईल. तू कायले भेतं?" आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेली तांदळाची पेज ठेवून गेल्या.

दुसऱ्या खेपेला शांताबाई आली तेव्हा मी बाटली उजेडात धरून पाहिली. नारिंगी, स्पष्ट दिसणारा रंग. झाकण घट्ट लावलं, कागदात गुंडाळली, दगडावर ठेवली.

दवाखान्यात उत्तर तेच. पाण्यासारखी.

आता डॉक्टर चिडले नाहीत, तेच जास्त भीतीचं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, जुनं तुम्हाला चालत नाही. नवं तुम्ही घेत नाही. अर्धवट देऊन तुमच्यातला जंतू मी सरावू देणार नाही. आणखी एकदा पाहू. मग थांबवू."

थांबवू म्हणजे काय, हे मला विचारावं लागलं नाही. पुढे कोणतं औषध उरलं नव्हतं. नंदाच्या खिडकीतल्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं होतं ते आठवलं.

मग मी असं काही बोलले की ते खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. म्हटलं, बाटल्या बदलत असतील. एका पिशवीत चार घरच्या बाटल्या असतात. शांताबाई कोपऱ्यात उभी होती. तिचा चेहरा कसनुसा झाला. ती एवढंच म्हणाली, "म्या नावाची चिठ्ठी लावतो बाई, घेतल्या घेतल्या. तुमच्या दारातच."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. कॅप्सूलमध्ये खोटी पूड असेल का? मग रंग कुठून येतो? रंग माझ्या घरी असतो आणि दवाखान्यात पोचेपर्यंत जातो. उन्हाने उडतो का? एक बाटली भरून दिवसभर परसात उन्हात ठेवली. रंग होता तसाच राहिला. ती बाटली मी परसातच ओतून टाकली. पितळेचे ठोके चालूच होते.

शांताबाई तिसऱ्यांदा आली ती भर दुपारी. मी मागच्या खोलीतून तिचा आवाज ऐकला. सासूबाईंनी चहा विचारला, तिने नको म्हटलं. मग ती जरा मोठ्याने म्हणाली, "काकी, आज बाटली बाईच्याच हातून घेईन. माह्यावर आळ आला हाय. दोघींच्या डोळ्यासमोर होऊ द्या."

मला ते बरं वाटलं. बाटली भरली. कागद गुंडाळला नाही. लाल रंग हातात सरळ दिसत होता. कित्येक आठवड्यांनी मी मागच्या खोलीतून समोरच्या छपरीकडे निघाले.

मधल्या दारात सासूबाई उभ्या होत्या.

"दे इकडं."

"आई, आज मीच देते. शांताबाईंनी सांगितलंय."

"दे म्हणतो ना." त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावले. बुटक्या होत्या, पण दार पूर्ण अडलं. मला वाटलं गल्लीतल्या लोकांनी बघू नये म्हणून अडवताहेत. मी म्हटलं, दिसू दे लोकांना. मला आता मरायची भीती आहे, लोकांची नाही.

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"अवो, लाल हाय ते. लाल कशी पाठवतं? थुंकी साफ नाही, मूत बी लाल. काय म्हणतील ते? पोट्टी कधी येईल मंग घरी?"

त्या पुढे बोलल्या, आणि त्यात लपवाछपवीचा सूर अजिबात नव्हता. एखादी अवघड गोष्ट आपण जमवून आणली, तसा होता.

"म्हणून तं म्या माहीच देऊन राहिली होती. माही साफ हाय."

शांताबाई छपरीतून उठून दाराशी आली होती. तिने हळू आवाजात विचारलं, "काकी, म्हणजे दोन्ही खेपेले म्या तुमचीच नेली?"

"मंग कोणाची? मले काही रोग नाही."

शांताबाईने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे हे मला कळेना. मला स्वतःचंही कळत नव्हतं. मी बाटली दोन्ही हातांनी धरून तिथेच उंबऱ्यावर बसले.

समजावलं ते शांताबाईने. "काकी, थुंकीत रोग शोधतात. ते साफ पाहिजे. याच्यात औषध शोधतात. हे लाल पाहिजे. साफ गेलं म्हणजे सुनेनं औषध खाल्लंच नाही. डॉक्टर तिचं औषध बंद करून राहिले होते."

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. त्यांनी दोनदा विचारलं. एक साफ चांगलं आणि एक साफ वाईट, हे कसलं डॉक्टर, असं त्या पुटपुटल्या. मग 'बंद' हा शब्द त्यांच्या लक्षात आला. त्या माझ्याजवळ खाली बसल्या. माझ्या ताटाला हात न लावणाऱ्या बाईने माझा हात धरला. नंतर उठून स्वतः ती बाटली उचलली, पदराखाली न झाकता छपरीत नेली आणि शांताबाईच्या हातात दिली. समोरच्या काकू ओट्यावरच होत्या. त्यांनी पाहिलं. आमची कावीळ तिथे संपली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. सासूबाईंना समोरच्या खुर्चीवर बसवलं. एरवी त्या खुर्चीवर रोग्याला कधी बसवत नसत. कॅप्सूल हातात देऊन ती पोटात गेल्यावर काय होतं ते मराठीत, सावकाश सांगितलं. मग म्हणाले, "आजी, आता रंग तुम्हीच बघायचा. एक दिवस जरी साफ दिसली तरी मला कळवायचं."

मला म्हणाले, "हे मी त्या दिवशी त्यांच्यासमोर बोललो असतो तर बरं झालं असतं." बस, एवढंच. पण त्यानंतर बाहेरच्या बाकावर रोग्याबरोबर जो कोणी बसलेला असे, त्यालाही आत बोलावू लागले. शांताबाईची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या बाई. माह्यासारखंच तुम्हाले बी कोणी खोटं म्हटलं होतं." आमच्याकडे ती पुढे कैक वर्षं चहाला येत राहिली, पिशवी नसतानाही.

डॉक्टरांनी दिलेलं काम सासूबाईंनी फार मनावर घेतलं. रोज दुपारी परसाच्या दाराशी येऊन विचारायच्या, "लाल हाय ना?" मी हो म्हटलं तरी स्वतः बघायच्या. ज्या गोष्टीबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो, त्यावर आता रोज बोलत होतो. आज फिक्कट का, पाणी जास्त प्यायलीस का, सकाळी उपाशीपोटीच घेतली ना. एका सकाळी मला मळमळत होतं आणि कॅप्सूल नकोशी झाली होती. त्या पेला घेऊन समोर बसून राहिल्या. घेतल्याशिवाय उठल्या नाहीत.

थुंकी साफ आली तेव्हा अजून थंडी होती. मामाजी नंदाला एसटीने घेऊन आले. ती उन्हाने काळवंडली होती आणि बोलायला लागली तेव्हा निम्मी बोली एकोडीची झाली होती. मला म्हणाली, "मले वाटलं तू विसरली." मी तिला जवळ घेतलं. सासूबाईंनी अडवलं नाही.

मुक्ता, तुझी तपासणी बरोबर असेल. आमच्या डॉक्टरांचीही बरोबर होती. त्या दोन्ही बाटल्यांत औषध नव्हतं, हे अगदी खरं होतं. फक्त त्या माझ्या नव्हत्या. तुझ्यासमोर असा एखादा आकडा आला, की हा माणूस गोळी घेत नाही, तर त्याला खोटा ठरवण्याआधी त्याच्या घरी कोण कोण आहे ते विचार. गोळी कोणाच्या हातातून येते, तुमचं बोलणं कोणाच्या कानावर पडलं आणि कोण बाहेर बाकावर राहिलं, तेही विचार. आणि ज्यांना कोणाला असं रोजचं औषध घ्यावं लागत असेल, त्यांना माझ्याकडून सांग की घरातल्या एका माणसाला तरी सगळं सांगा, त्याच्या भाषेत. लाज वाटली तरी. मी आज आहे ती त्या कॅप्सूलमुळे, डॉक्टरांमुळे, आपल्यावरचा आळ घेऊन पुन्हा आमच्या दारात आलेल्या शांताबाईमुळे, आणि सासूबाईंमुळेही. त्यांचं प्रेम आधी उलट्या दिशेने धावलं, एवढंच.

उपचार पूर्ण झाले तेव्हा धानाची कापणी चालू होती. शेवटची कॅप्सूल घेतल्यावर दोन-तीन दिवसांनी रंग गेला. सासूबाई नेहमीप्रमाणे दुपारी परसाच्या दाराशी आल्या, बघितलं, आणि कपाळावर आठी घालून उभ्या राहिल्या.

"आज साफ हाय वो," त्या म्हणाल्या. "आता हे चांगलं का वाईट?"

"चांगलं, आई."

त्यांनी मान हलवली. तरी संध्याकाळी शांताबाई सायकलवरून जाताना दिसली, तेव्हा तिला हाक मारून थांबवलं आणि एकदा तिलाही विचारून घेतलं.